केराचा आठवडा

स्टुटगार्ट, जर्मनी,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज मिळाला. त्यातलं एक मिनिट मिरज स्टेशनवरची अनाउन्समेंटच आहे. पण शेवटी विचारलंस, ‘तिकडं रमलास का रे?’ फोनवर मी ‘हो, मस्त’ म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून लिहायला बसलो. आज इथं सगळी दुकानं बंद. ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. पत्र लिहिलेलं चालतं.

तुला वाटत असेल थंडीनं हैराण केलं असेल, नाहीतर जेवणानं. छे! थंडीला जाकीट मिळतं आणि गोडा मसाला आई पाठवते. मला हैराण केलं ते एका पुठ्ठ्याच्या पाटीनं.

राहायला येऊन पंधरा दिवस झाले असतील. ऑफिसातून आलो तर दाराच्या मुठीला पाटी लटकलेली: ‘केरवोखं’. वाटलं, कोणाची तरी चुकून राहिली. उचलली आणि समोरच्या दाराला अडकवली. दुसऱ्या दिवशी ती परत माझ्या दाराला. मी पुन्हा समोर. तिसऱ्या दिवशी समोरच्या आजीबाईंनी बेल वाजवली आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, “तुमच्या पायऱ्या घाण आहेत.”

माझा चेहरा पडला. आपल्याकडं असं तोंडावर कोण बोलतं? आपल्याकडं चौघांना सांगतात, मग पाचव्याकडून आपल्याला कळतं. मी मनात म्हटलं, झालं, परक्या माणसाला त्रास द्यायचा म्हणून आल्या. तोवर बाई आत जाऊन स्वतःची बादली घेऊन आल्या आणि जिना कसा पुसायचा ते मला दाखवू लागल्या. कोपऱ्यात फडकं बोटानं दाबून फिरवायचं. कठडाही पुसायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे टेकून.

गंमत बघ, जर्मन भाषेत ‘केर’चा अर्थ झाडणं आणि ‘वोखं’ म्हणजे आठवडा. केराचा आठवडा! पाळी आळीपाळीनं फिरते, पाटी ज्याच्या दाराला त्याची पाळी. लहान पाळीत आपल्या मजल्यावरचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, दारासमोरचा फुटपाथ. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत वाट मोकळी पाहिजे. हा सगळा श्वाबेन भागाचा, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या आमच्या या पट्ट्याचा मामला. उत्तरेतले हॅम्बुर्गकडचे लोक याला हसतात. खरं तर पालिकेनं ही सक्ती १९८८ मध्येच काढून टाकली. तेव्हा महापौर होते मानफ्रेड रोमेल, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या त्या सेनापती रोमेलचे चिरंजीव. पण सक्ती गेली तरी लोकांनी केराची पाळी काही सोडली नाही, भाडेकरारात घालून ठेवली.

ऑफिसात याच्या उलट घोटाळा झाला. बॉसनं विचारलं, “गुरुवारपर्यंत रिपोर्ट होईल?” मी म्हटलं, “प्रयत्न करतो.” तुला कळलं ना याचा अर्थ? चाकणला सगळ्यांना कळायचा. ह्यानं गुरुवार दुपारची मीटिंग लावून टाकली. रिपोर्ट अर्धा. तो चिडला नाही, नुसतं विचारलं, “सोमवारी नाही म्हणाला असतात तर मी दुसरा माणूस दिला असता. तसं का सांगितलं नाहीत?” काय सांगू त्याला? साहेबाला नाही म्हणायचं नसतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, ते घरच्या वरणभातातूनच आलंय. पहिल्यांदा ‘नाही, जमणार नाही’ म्हणालो तेव्हा तळहाताला घाम फुटला होता. तो म्हणाला, “बरं,” आणि वहीत लिहून घेतलं. संपलं!

आता वाईट हे की ती सवय घरी लागली. परवा आईनं फोनवर विचारलं, मामेबहिणीच्या लग्नाला येशील ना? मी म्हटलं, नाही. पुढं एक मिनिट शांतता. ‘बघतो’ म्हणालो असतो तर माऊली सुखात राहिली असती.

कौतुकाची तर इथं बोंबच. श्वाबेन लोकांत म्हण आहे की शिव्या दिल्या नाहीत हेच पुरेसं कौतुक. दोन वर्षं मला वाटायचं, बॉस माझ्यावर खार खाऊन आहे. मग पगार वाढला. आणि वाढदिवसाला केक आपणच करून न्यायचा! पण ते मला लगेच जमलं. शाळेत आपण नवे कपडे घालून वर्गभर लिमलेटच्या गोळ्या वाटायचो, तेच की.

खरी पंचाईत आता झालीय. इथंही अहो-जाहो आणि अरे-तुरे असतं, ‘झी’ आणि ‘डू’. ‘डू’ची परवानगी मोठ्या माणसानं द्यायची, लहानानं मागायची नाही. गेल्या महिन्यात आजीबाईंनी मला घरी बोलावलं, वाइनचे दोन ग्लास भरले आणि म्हणाल्या, आजपासून मला नावानं हाक मार, ‘डू’ म्हण. तीन वर्षांनी! मान मोठा, पण अठ्ठ्याहत्तरीला अरे-तुरे करायला जीभ वळेना. (आता एक्क्याऐंशी पुरी झाली म्हणा.) तीन आठवडे मी वाक्यं अशी जुळवत होतो की ‘तू’ही नको आणि ‘तुम्ही’ही नको. “चहा हवा का?” “बाहेर जाणं झालं का?” पार कर्मणी प्रयोगात राहायला गेलो.

काल जिन्यात भेटल्या, पिशवी जड होती. एकदम वाटलं, अरे, आपण आजीला कुठं अहो म्हणायचो? आजीला तूच. विठोबालासुद्धा तूच. पिशवी घेतली आणि ‘डू’ निघून गेलं तोंडातून. त्यांनी काही दाखवलं नाही. फक्त वर पोचल्यावर माझ्या पायऱ्यांकडं बघून म्हणाल्या, “कोपरा राहिलाय.”

तर डिसेंबरात येतोय, तीन आठवडे. मिरजेला उतरवून घ्यायला ये. ‘बघतो’ म्हणू नकोस, येणार की नाही ते सांग. आता उठतो, पाटी माझ्या दाराला आहे.

तुझा,
बंड्या