बर्नहॅमच्या बीचवनातून

स्लाऊ, इंग्लंड
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र दिवाळी सरता सरता हाती पडले. लेकीकडे येऊन तीन महिने झाले तरी मी तुला थेम्सचे पूल आणि राजघराण्याचा किल्ला यांपलीकडे काही कळवले नाही, तेव्हा "तिकडे झाडे आहेत की सगळी फरसबंदीच?" हा तुझा प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे. त्याला उत्तर देता यावे म्हणून गेल्या मंगळवारी, घरातली सगळी कामावर गेल्यावर, मी एकटाच बस धरून फार्नहॅम कॉमन या गावी उतरलो आणि तेथून चालत बर्नहॅम बीचेस नावाच्या वनात गेलो. (बीच म्हणजे येथले एक मोठे पानझडी झाड, समुद्रकिनारा नव्हे.) हे वन बकिंगहॅमशायर परगण्यात, लंडन शहराच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरांवर आहे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, हे तुला आवडेल.

आधी तेथील शांततेविषयी लिहितो, कारण आपल्या रानाची सवय असलेल्या माणसाला ती प्रथम जरा भयाणच वाटते. आपल्याकडे रान म्हटले की किर्र आलेच. पावसाळ्यात बेडूक, उन्हाळ्यात करकरणारे किडे आणि बारा महिने वानरांची खोकखोक. येथे दाट बीचच्या सावलीत जमिनीवर फारसे काही उगवतच नाही. खाली दिसतो तो पानांचा जाड थर, नुकत्या घासलेल्या तांब्याच्या रंगाचा, आणि त्यातून वर गेलेली करडी, गुळगुळीत खोडे. थांबलो की स्वतःच्या पायांचा आवाज थांबतो आणि मग एखादे पान फांदीला आपटत खाली येते तेही ऐकू येते. मधूनच रॉबिन नावाचा चिमणीएवढा पक्षी गातो. थंडी पडू लागल्यावरही आपली हद्द राखण्यासाठी गाणारे येथील पक्षी थोडेच, त्यांपैकी हा एक. अर्थात हीथ्रोचा विमानतळ जवळच असल्याने दर थोड्या वेळाने आकाशात घरघर होते, आणि पाइनवुडचा चित्रपट स्टुडिओही फार लांब नसल्याने या झाडांना चित्रीकरणाचीही सवय आहे. अस्पर्श अरण्य वगैरे शब्द मी वापरणार नाही.

पण मला तुला सांगायचे आहे ते शांततेविषयी नाही, झाडांच्या आकाराविषयी आहे. वाटेने पन्नास पावले आत गेलो असेन, एवढ्यात समोर एक बीच आला आणि मी अक्षरशः थबकलो. खोड बुटके, पिंपासारखे फुगलेले, गाठीगाठींचे, आतून पोकळ, आणि माणसाच्या डोक्याच्या थोडे वर एकदम आठ-दहा जाड फांद्या एकाच ठिकाणाहून फुटून आभाळाकडे गेलेल्या. नीट पाहिले तर पलीकडे तसाच दुसरा, त्याच्यामागे तिसरा. मित्रा, मला इंग्लंड दिसेनासे झाले. मला तुमच्या वरकसातले, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीतले, ऐनाचे वृक्ष दिसले!

तुला आठवत असेल, शाळेला सुट्टी लागली की तुझे अण्णा आपल्या दोघांना कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायला नेत. ते स्वतः कोयता घेऊन ऐनावर चढत, आणि आपण खाली पडलेल्या फांद्या ओढून रचत असू. पुढे पावसाच्या तोंडावर तोच सुकलेला कवळ शेण आणि पालापाचोळ्यासह भाताच्या रोपाच्या जमिनीवर पसरून पेटवायचा, म्हणजे राब भाजायचा. त्या ऐनांची खोडे अशीच बुटकी, अशीच गाठाळ होती आणि छाटल्या जागी दरवर्षी नवे फुटवे येत. येथे हेच शेकडो वर्षे चालले होते, मात्र राबासाठी नव्हे, सरपणासाठी. अशा छाटलेल्या झाडाला हे लोक पोलार्ड म्हणतात. या माळरानावर गावकऱ्यांची गुरे चरत असत, त्यामुळे झाड बुडाशी तोडले तर कोवळा फुटवा गुरांच्या तोंडी जायचा. म्हणून तोड गुरांच्या तोंडाच्या वर, सात-आठ फुटांवर करायची. खाली गवत गुरांचे, वर फांद्या चुलीच्या, आणि मधले खोड सहसा जमीनदाराचे, अशी वाटणी इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी होती.

आता यातली खरी गंमत ऐक. बीच हे झाड मोकळे वाढू दिले तर साधारण अडीचशे-तीनशे वर्षांत थकते. बर्नहॅमच्या छाटलेल्या बीचांपैकी कित्येक मात्र चारशे वर्षांच्या पुढचे आहेत. ठरावीक वर्षांनी डोक्यावरचा भार उतरत गेल्याने त्यांना वाऱ्याने उलथवले नाही, आणि आतले लाकूड कुजून खोड पोकळ झाले तरी बाहेरचे जिवंत कडे पान पोसत राहिले. म्हणजे जे आज आपण म्हातारे, पूज्य म्हणून पाहायला जातो, ते कुऱ्हाडीने राखलेले आहे. गेल्या वर्षी तुमच्या देवराईच्या कडेला बसून तू गावाच्या कुऱ्हाडबंदीच्या ठरावाविषयी अभिमानाने बोलत होतास आणि "कोयता लागला की झाड संपले" असे म्हणालास, तेव्हा मी मान डोलावली होती. ती मान मी आज अर्धी मागे घेतो. देवराईपुरते तुझे म्हणणे खरेच आहे, तेथे वाळली काटकीसुद्धा घरी नेऊ नये. पण वरकसातल्या ऐनाला तोच नियम लावणे बरोबर नसावे.

येथे तोड थांबली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात, दगडी कोळसा स्वस्त होऊन चुलीत शिरला तेव्हा. पुढे फांद्या कोणी छाटेना, त्या स्वतःच झाडांएवढ्या झाल्या, आणि पोकळ खोडाला तो भार पेलवेना. वादळ आले की खोड उभे चिरते आणि अर्धे झाड खाली येते. अशी कित्येक मी पाहिली. मग पुन्हा छाटावे, तर जुन्या लाकडातून नवा फुटवा देण्यात बीच कच्चा. एका झटक्यात सगळ्या फांद्या काढल्या तर तो मरतो. म्हणून वनाचे रखवालदार आता एकेका म्हाताऱ्या झाडाचा माथा अनेक वर्षांच्या अंतराने, थोडा थोडा उतरवतात, भोवती माजलेली तरुण झाडे काढून त्याला ऊन देतात, आणि शेजारी कोवळ्या बीचांना नव्याने पोलार्डाचे वळण लावतात. ते पाहताना मला दवाखान्यापेक्षा शाळेची आठवण झाली, कारण पोरे आणि पेन्शनर एकाच आवारात होते. पडलेली लाकडे मात्र जागच्या जागी कुजू देतात, कारण त्यांवर जगणारे किडे आणि अळंब्या या वनाची मोठी दौलत समजली जाते.

हे वन वाचले कसे, तेही विलक्षण आहे. १८७९ च्या सुमारास ही जमीन ऐटबाज बंगले बांधण्यास योग्य म्हणून विक्रीला निघाली होती. आदल्याच वर्षी, १८७८ साली, लंडन शहराच्या महापालिकेला शहरापासून पंचवीस मैलांच्या आत लोकांसाठी मोकळ्या जागा विकत घेऊन राखण्याचा अधिकार कायद्याने मिळाला होता. त्या आधारावर १८८० मध्ये तिने हे वन घेतले, आणि आज सुमारे २२० हेक्टरांचे हे रान दुसऱ्या परगण्यात असूनही तिच्याच मालकीचे आहे. १८७८ हा आकडा वाचताच मी अडखळलो. त्याच साली आपल्याकडे इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला, ज्याने राने राखीव झाली आणि कवळ तोडणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला, आणि राब हा त्याच्यापुढचा एक मुख्य प्रश्न होता. वनखात्याच्या पुष्कळ साहेबांच्या मते छाटलेला ऐन म्हणजे झाडाची विटंबना. त्यांच्याच देशात, राजधानीपासून एका दिवसाच्या घोडदौडीवर, तशीच छाटलेली झाडे लोक सहलीला जाऊन कौतुकाने पाहत होते! फरक एवढाच की येथला छाटणारा तोपर्यंत कोळशाकडे वळला होता आणि आपल्याकडचा अजून भातावर जगत होता.

परतताना गायी भेटल्या. वनात गवताळ मोकळी जागा टिकावी म्हणून गुरे चारण्याची जुनी रीत येथे पुन्हा सुरू केली आहे, पण ना कुंपण, ना गुराखी. गायीच्या गळ्यात एक यंत्र असते. ठरवलेल्या हद्दीजवळ गेली की त्यातून सूर वाजू लागतो, आणि तरीही पुढे गेली तर हलका विजेचा झटका बसतो. गायी सूर ऐकूनच वळायला शिकतात. मला ते पाहून थोडे हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, कारण गुराख्याचे शीळ घालणे आणि शिव्या देणे दोन्ही त्या सुरात नाही.

शेवटी ड्रुइडचा, म्हणजे येथल्या प्राचीन पुरोहिताचा, ओक म्हणून एक वृक्ष पाहिला. त्याचे वय आठशे वर्षांहून अधिक सांगतात, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा हे झाड चांगले हाताशी आलेले असणार. तेथील एका ओंडक्यावर बसून मी लेकीने दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. साडेचारच्या सुमारास अंधार पडू लागला, म्हणून उठलो.

आता माझे एक काम कर. अण्णा गेल्यापासून तुम्ही रोपासाठी राब भाजत नाही, खताच्या गोण्या आणता, हे मला ठाऊक आहे. म्हणजे वरकसातल्या ऐनांना वीस-बावीस वर्षे कोयता लागलेला नाही. सवड काढून एकदा वर जा. विहिरीच्या अंगाचा तो दोन फाट्यांचा ऐन, ज्यावरून मी पडलो होतो, उभा आहे का ते पाहा. असला तर छाटीच्या जागेवरच्या फांद्या किती जाड झाल्यात आणि खोडाला चीर गेली आहे का, तेही बघ, आणि बुंध्याचा घेर दोरीने मोजून मला कळव. ठरावाचे काय करायचे ते मी फेब्रुवारीत आल्यावर बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सोबती

ता. क. मोजताना दोरी छातीच्या उंचीवर धर. येथे तशीच धरतात, आणि मला दोन्हींची तुलना करायची आहे.