सोंडेला हाड नसतं

पेण, रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. तुझ्या मातीच्या डायनासोराची मान रात्रीतून पडली एवढंच तू लिहिलंस. पण टेबलाच्या कडेला चहाचे तीन रिकामे कप दिसतायत, म्हणजे जागरण झालेलं आहे. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आत तार किती पदरी?" बाकी काही नाही. तुझं कौतुक त्यांनी संध्याकाळी केलं, ते शेजाऱ्यांपाशी.

तर आधी मानेचं. आशीर्वादाचा हात कोपरातून निखळून पाटावर पडलेला तू लहानपणी कितीदा पाहिलायस. ही मान म्हणजे तोच हात, फक्त चौपट लांब. एकेरी तार मातीत नुसती फिरते, धरत काहीच नाही. दोन पदर घेऊन पीळ दे. मग लाकडाच्या दोन बारक्या काड्या फुलीसारख्या बांध आणि त्या तारेला लोंबत्या सोड. मानेला दोन, पोटाला एक. माती त्या फुलीवर बसते, खाली घसरत नाही. पहिले दोन दिवस हनुवटीखाली टेकू असू दे, त्यात कमीपणा नाही. आणि तारेवरची माती वाळवायला ठेवू नकोस. शाडू सुकताना आकसते, तार आकसत नाही, मग तडा जाणारच. ओलं फडकं गुंडाळून काम करायचं आणि ओलं असतानाच साचा काढून घ्यायचा. नाहीतर सरळ तेलातली माती आण, ती सुकतच नाही. मला तिचा वास आवडत नाही, पण शिकायला बरी.

गंमत म्हणजे आपल्याकडे शाडू येते भावनगरकडून. तू बडोद्यात बसून पेणच्या मातीची आठवण काढतेस, ती मुळात तुझ्या बाजूचीच.

तू करायला घेतलेला प्राणी मात्र आपल्याकडचा निघाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. मी शोधून वाचलं. १९९७ साली त्याचं बारसं झालं आणि २००३ साली नाव बदलून इसीसॉरस ठेवलं. इसी म्हणजे आय-एस-आय, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. आकडेमोडीच्या संस्थेने डोंगरगावात येऊन हाडं खणावीत! मणके मिळाले, बरगड्या मिळाल्या, पुढचा एक पाय मिळाला. कवटी नाही, मागचे पाय नाहीत. म्हणजे तू केलेलं डोकं तुझं नाही आणि त्याचंही नाही, ते कुठल्या तरी भाऊबंदाचं आहे. यावर बाबा म्हणाले, "मग आपल्या धंद्यातलाच की. धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं."

त्यांनी विनोद केला, पण पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात खरंच असं झालं होतं. अपॅटोसॉरस नावाच्या डायनासोराच्या सांगाड्यावर कित्येक वर्षं भलत्याच जातीच्या प्राण्याचं डोकं बसवलेलं होतं, ते १९७९ साली उतरवून बरोबर डोकं लावलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ साली वॉटरहाउस हॉकिन्स या मूर्तिकाराने केलेला इग्वानोडॉन डायनासोर तर अजून उभा आहे, नाकावर शिंग घेऊन. ते शिंग नव्हतंच, अंगठ्याचा काटा होता. पुढे बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणीत पुरे सांगाडे मिळाले तेव्हा उमगलं. मूर्ती मात्र तशीच ठेवलीय, आणि मला ते फार आवडलं.

आता तू पाठवलेल्या चित्राबद्दल. राजासॉरस, तो मांसाहारी डायनासोर, तू गुजरातेतल्या रैयोलीला, त्याची हाडं सापडली तिथे, जाऊन आल्यावर काढलास ना? डोक्यावरचं बुटकं शिंग छान जमलंय. पण खरं सांगू, तोंड का उघडं आहे? सगळ्यांच्याच चित्रात हे जनावर बोंबलत असतं. चोवीस तास कोण ओरडतं? आपल्या गल्लीतला काळ्या कुत्रा दिवसात पाच मिनिटं भुंकतो, बाकी वेळ पडून असतो. आणि डोळा! इतकी वर्षं मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतेय, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे मला. तू भुवई घातलीस त्याला, रागीट, महिषासुरासारखी. डोळा सगळ्यात शेवटी काढ. आधी काढलास की सगळं चित्र त्याच्या नजरेनं बघायला लागतेस आणि पायाची चूक दिसतच नाही.

पायाची चूक आहेच. गुडघा मागे वळलाय. मीही तसाच काढला असता, पण गेल्या रविवारी कोंबडी आणली होती आणि अख्खी तंगडी हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. आपण जो उलटा गुडघा म्हणतो तो गुडघा नाहीच, तो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत, पोटाला चिकटून, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. मांडी आखूड, जवळजवळ आडवी. पोटरी म्हणजे ती मांसल तंगडी. त्याखाली खवल्यांचा सरळ दांडा म्हणजे तळपाय, आणि प्राणी चालतो नुसत्या बोटांवर. मी तंगडी दहा वेळा दुमडली, उलगडली. बाबा भाकरी घेऊन ताटकळले. राजासॉरसच्या मागच्या पायाची घडी अशीच, फक्त मांडी इतकी आडवी नाही. शेजारच्या कोंबड्या चालताना बघ, दहा मिनिटांत जे कळेल ते दहा चित्रं बघून कळणार नाही.

शेपटीही तू दोरीसारखी लावलीस. मुळाशी ती जाड हवी, कारण मांडीचं हाड मागे ओढणारा मोठा स्नायू शेपटीतून येतो. आणि जमिनीवर टेकवू नकोस. जुन्या चित्रांत शेपटी फरफटते, पण पावलांचे ठसे सापडतात तिथे ओढल्याचा चर बहुतेक दिसत नाही. कंबर म्हणजे तराजूची दांडी धरलेली मूठ. पुढे डोकं आणि छाती, मागे शेपूट. चित्र बोटावर तोललं तर पडेल का, एवढं विचार स्वतःला.

हे सगळं हाडाचं झालं. मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. मोबाइलवर हत्तीच्या कवटीचं चित्र बघितलं. जन्मभर सोंडा रंगवल्या मी, डाव्या, उजव्या, मोदकावर टेकलेल्या. कवटीत सोंड नाही! मध्ये एक मोठं भोक, दोन्ही बाजूंना सुळ्यांच्या खोबणी, संपलं. हत्ती कधी पाहिलाच नसता आणि कोणी ती कवटी हातात दिली असती, तर मी काय केलं असतं? तुझ्या राजासॉरससारखंच. हाडावर कातडं ताणून बसवलं असतं, गालफडं आत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तुझा प्राणी उपाशी दिसतो, सायली. त्याला थोडं मांस दे, गळ्याखाली लोंबती कातडी दे, मांडीला चरबी दे. हाडाच्या विरोधात जाऊ नकोस, पण हाडापाशी थांबूही नकोस.

रंगाचं विचारलंयस. चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या छोट्या डायनासोराच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, हे २०१० साली पिसांतले रंगाचे कण बघून कळलं. तुझ्या राजाचं तसलं काही हाती नाही, तेव्हा तुझी मर्जी. फक्त पोपटी नको. एवढ्या मोठ्या अंगाला म्हशीचा रंग घेऊन बघ, पाठीवर धूळ, पोटाकडे फिकट.

आणि चित्रातली सावली दोन्ही बाजूंना पडलीय. चार्ल्स नाइट नावाचा अमेरिकन चित्रकार होता, डायनासोरांची चित्रं काढणारा, नजर अगदी अधू. तो चित्राआधी लहान मूर्ती करायचा आणि उजेडात ठेवून सावली कुठे पडते ते बघायचा. तूही आधी वीतभर मातीचा कर, खिडकीत ठेव, मग कागद घे. म्हणजे माती आधी, पेन्सिल नंतर. आपल्या घरात हे काही नवीन नाही.

बाबांच्या दोन जुन्या बांबूच्या कोरण्या पाठवतेय. बारकी आहे ती आजोबांची, तिला पाण्यात भिजत ठेवू नकोस. त्यांच्याबरोबर कोंबडीच्या पायाची हाडंही पाठवणार होते. उकळून, साफ करून, क्रमाने मांडून गच्चीवर वाळत घातली होती. मांजराने मांडीचं हाड नेलं. उरलेली पाठवते, मांडी तू मातीची कर.

तुझी,
आई