जुना लाल साबण परत आणा म्हणणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सध्या जो तो जुन्या लाईफबॉयच्या आठवणी काढतोय, तो वास आता येत नाही, हल्लीच्या साबणात दम नाही, जुनाच परत आणा वगैरे. वाटणं साहजिक आहे. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते, संध्याकाळी आले की आधी मोरीत, ग्रीस-ऑइलने काळे झालेले हात कोपरापर्यंत लाल वडीने खसाखसा चोळायचे आणि तो उग्र दवाखान्याचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत यायचा. गुलाबी वासाचा साबण पाहुण्यांसाठी आणि सणासुदीला, पण मयताहून आलं, दवाखान्यात कुणाला बघून आलं की लालच वडी. हे सगळं मलाही प्रिय आहे, तरीपण जुना फॉर्म्युला परत मागणं मला पटत नाही म्हणून हे पत्र.

तो वास होता कार्बोलिकचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या एका औषधाचा. कोळशाच्या डांबरातून 1834 मध्ये जर्मन केमिस्ट रुंगे यांनी ते काढलं, आणि 1865 मध्ये ग्लासगोच्या दवाखान्यात जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या पोराच्या जखमेवर ते वापरलं, पोरगा पायासकट वाचला. त्याआधी अशा केसमध्ये पाय कापायचीच वेळ यायची. मग 1894 ला लिव्हर ब्रदर्सनी तेच औषध साबणात घालून लाईफबॉय काढला, नावच रॉयल डिसइन्फेक्टंट सोप. वर्षभरात तो हिंदुस्थानात आला.

आणि लगेच 1896 ला मुंबईत मांडवीला प्लेग. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पालिकेने गटारांत, चाळींत कार्बोलिक ओतलं, घरं धुवून काढली, पण प्लेग पसरत होता उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत 1898 ला दाखवलं तेव्हा तेही लगेच कुणाला पटलं नाही. म्हणजे एवढं उग्र औषध ओतून नेमका जो शत्रू होता त्याला फारसा धक्काच लागला नाही. पुण्यात तर सोल्जर घरात घुसून तपासण्या करायचे, सामान बाहेर काढून जाळायचे, त्या वासाची आठवण त्या पिढीला गोड असणं शक्यच नाही. सावित्रीबाई त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला गेल्या, हे मला दरवेळी आठवतं.

आता मुद्द्याचं. कार्बोलिक कातडी जाळतं. लिस्टर यांच्या पद्धतीने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर-नर्सचे हात सोलून निघायचे, स्वतः लिस्टर यांनी ऑपरेशनच्या वेळी हवेत मारायचा कार्बोलिकचा फवारा 1890 पर्यंत सोडून दिला होता. आपल्याकडे 2002 ला हिंदुस्थान लिव्हरने लाईफबॉयमधलं कार्बोलिक काढलं, वडीचा वास बदलला, तेव्हापासून हळहळ चालू आहे. अमेरिकेत तर 2016 ला जंतुनाशक साबणांतून जी 19 केमिकल्स बंद केली त्यात ट्रायक्लोसानबरोबर फिनॉल म्हणजे हेच कार्बोलिकसुद्धा होतं, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. साबण जंतू मारण्यापेक्षा मळ आणि तेलाबरोबर ते सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो, आणि कोरोनाच्या विषाणूचं तर वरचं चरबीचं कवच साध्या साबणानेच फुटतं. वडिलांचे हात स्वच्छ व्हायचे ते दहा मिनिटं चोळायचे आणि बंबातलं कढत पाणी भरपूर असायचं म्हणून. वास हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग होता, मला हे कळायला वय व्हावं लागलं नाही, आई तेव्हाच म्हणायची की पाणी नसेल तर साबण काय कामाचा.

त्यामुळे ज्यांना त्या लाल वडीबद्दल खरंच माया आहे त्यांनी एक गोष्ट मागावी, मी पण मागतो. ती वडी कष्टकऱ्यांची होती, वर्कशॉप, गिरणी, शेत, गटार, जिथे हात घाण होतात तिथली. आज सफाई कामगारांच्या कितीतरी चौक्यांत पुरेसं पाणी नसतं, गरम तर लांबच, साबण कधी मिळतो कधी नाही, आणि त्याच हातांनी माणसं डबा खातात. 1896 च्या साथीत मुंबई सोडून सगळे पळत होते तेव्हा सफाईवाले गेले तर शहर संपेल ही पालिकेला सगळ्यात मोठी धास्ती होती. नगरपालिकांनी दर चौकीत नळ, गरम पाणी, दर महिन्याला साबण आणि कपडे बदलायला आडोसा एवढं द्यावं, कुठल्याही कंपनीचा साबण चालेल, आणि आपल्या पेपरने गावोगावच्या चौक्यांत जाऊन बघावं आणि जिथे नाही त्या नगरपालिकेचं नाव छापावं.

आपला,
एक जुना वाचक, सातारा