टीव्ही-फोनची दुहेरी बिले

महोदय,

घरात ब्रॉडबँड आल्यावरही केबल, लँडलाइन आणि प्रत्येकाच्या मोबाइलचे डेटासह रिचार्ज ही सारी बिले आपण केवळ सवयीने, तीही १८ टक्के जीएसटीसह, भरत राहतो. वास्तविक दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसारभारतीच्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'वेव्हज' अ‍ॅपवर पाहता येतात. आणि वायफायमुळे ज्या ज्येष्ठांना डेटा लागत नाही, त्यांच्यासाठी केवळ कॉल व एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध ठेवण्याचा आदेश दूरसंचार नियामक 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्येच कंपन्यांना दिला आहे. दुकानदार मात्र ते आपणहून सांगत नाहीत, विचारावे लागते. अर्थात, ओटीटीच्या चार-पाच वर्गण्या एकदम घेतल्या, तर केबलच बरी होती असे म्हणण्याची पाळी येते.

– एक वाचक, ठाणे