चेची, तुमचं मुंडू अजून माझ्याकडेच आहे

प्रिय चेची,

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "अय्यो, त्यात काय!" म्हणता आणि चहाचं आधण ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहून टाकते.

कोचीला जायचं ठरल्यावर, तुम्ही केरळच्या म्हणून, मी तुमच्याकडे कागद घेऊन आले होते, आठवतंय? अडीच दिवसांत चौदा ठिकाणं. त्यात मुन्नारसुद्धा होतं! तुम्ही चष्मा लावलात, कुणा पेशंटचा केसपेपर वाचावा तशा गंभीरपणे तो कागद वाचलात, आणि पेन मागितलंत. मुन्नार खोडलं. "घाटातून जायलाच चार-पाच तास. आईच्या गुडघ्यांना विचारलंस का?" अलेप्पी खोडलं. मग हॉटेलचा पत्ता बघून हसलात. स्वस्त मिळालं म्हणून मी खूश होते, पण ते होतं नेडुम्बाश्शेरीला, विमानतळाच्या दारात. फोर्ट कोची तिथून चाळीसेक किलोमीटर. रोज दोन-दोन तास गाडीत गेले असते. तेव्हा मला राग आला होता, आज कबूल करते. इतक्या हौसेनं केलेली यादी आणि तुम्ही निम्मी उडवलीत.

तारखाही तुम्हीच बदलायला लावल्यात. मला दिवाळीची सुट्टी साधायची होती. तुम्ही म्हणालात, तुमच्याकडे पाऊस दोनदा येतो, जूनचा वेगळा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तुलावर्षम् वेगळा. दुपार झाली की गडगडाट. जानेवारीत गेलो. घाम तेव्हाही आलाच, पण छत्री बॅगेतच राहिली.

आणि ते वारांचं! शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद, शनिवारी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद. आम्ही होतो नेमके शुक्रवार ते रविवार. तुम्ही मट्टनचेरी रविवारी टाकलंत म्हणून दोन्ही पाहता आलं. राजवाड्याला म्हणतात डच पॅलेस, पण बांधला पोर्तुगीजांनी, राहिला कोचीचा राजा. डचांनी फक्त डागडुजी केली. भिंतींवरचं रामायण बघत आई अर्धा तास उभी होती. गुडघ्यांची आठवणही झाली नाही तिला. सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हातानं रंगवलेल्या.

पहिल्या दिवशी हायकोर्टच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोनं फोर्ट कोचीला गेलो. तरंगता धक्का बोटीच्या पातळीलाच असतो, हे तुम्ही सांगितलं होतंत. आई घराचा उंबरा ओलांडावा तशी आत गेली. चिनी जाळी संध्याकाळी पाहिली. एका टोकाला दोरांना लटकवलेले दगड, दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरणारं भलंमोठं जाळं. "ओढायला बोलावतील, आधी पैशांचं विचार," हेही तुमचंच. बोलावलं. विचारलं. ह्यांनी तरीही ओढलं आणि दोन दिवस खांदा चोळत बसले. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची रिकामी कबर पाहिली. खरं सांगू, आईला त्यात काही रस नव्हता.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते मट्टनचेरीजवळच्या चेरलाई भागाचं. माझ्या यादीत ते नव्हतंच, कागदाच्या कडेला तुम्ही तुमच्या गोलगोल मराठी अक्षरात लिहिलंत, "आईला इथे ने." तिरुमला देवस्वमच्या देवळाजवळ एका दुकानात एक बाई गिऱ्हाइकाशी बोलत होत्या आणि आईचे कान टवकारले. कोकणी! मल्याळम हेलातली, पण कोकणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचापायी गोवा सोडून आलेल्यांचे वंशज. आमची मालवणची आई थेट मालवणीत सुरू झाली. निम्मं कळलं, निम्मं हातवाऱ्यांनी भागलं. नारळ कसा वाटायचा यावर दोघींचं एकमत झालं नाही.

घरी आल्यावर शोधत बसले, तर अजून एक हाती लागलं. कोचीचा डच अधिकारी व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करवून घेतला. इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य त्या कामात होते. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात या तिघांचं कोकणी प्रमाणपत्र आहे, देवनागरीत! आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग? आपलीच माणसं ती."

आता मुंडूचं. देवळात जायला म्हणून काकांचं कोरं मुंडू, म्हणजे तुमच्याकडचं लुंगीसारखं नेसायचं धोतर, तुम्ही ह्यांना दिलंत. देवळात ते अगदी स्वच्छ राहिलं. नंतर ते नेसूनच हे जेवायला बसले, आणि करिमीन माशाच्या रश्श्याचा थेंब नेमका जरीच्या काठावर पडला. दोनदा धुतलंय, लिंबू चोळलंय, उन्हात टाकलंय. पिवळट डाग आहे तो आहे. रविवारी घेऊन येते, चहा ठेवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची