शिवास पत्र : बदकांच्या त्या तपकिरी पुस्तकाबद्दल

वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
२ नोव्हेंबर

प्रिय शिवा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नातवाच्या वाढदिवसाला मी पाठवलेलं 'मेक वे फॉर डकलिंग्ज' हे चित्रपुस्तक पोचलं, पण घरात कुणाला फारसं रुचलं नाही, हे तू आडपडदा न ठेवता लिहिलंस ते बरं केलंस. सूनबाईंचं म्हणणं, सगळी पानं तपकिरी, दुसरा रंग औषधालाही नाही, आजकालच्या मुलांना हे कसं आवडायचं? आणि तू, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, लिहितोस की रेषा सुरेख आहे, पण त्या एवढ्याशा पोराला यातून काय मिळणार? तुझ्या या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

'मेक वे फॉर डकलिंग्ज' १९४१ साली निघालं. ते लिहिणारा आणि त्यातली चित्रं काढणारा रॉबर्ट मॅक्लॉस्की तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. मूळचा ओहायोतल्या हॅमिल्टनचा, पण कला शिकायला बॉस्टनला आलेला. इथे पब्लिक गार्डन म्हणून जुनी बाग आहे. तिच्या तळ्यावर तो बदकांना खायला घालायचा. पुढे एका भित्तिचित्राच्या कामासाठी पुन्हा बॉस्टनला आला, तेव्हा ही बदकं भर रहदारीतून रस्ता कशी ओलांडतात ते त्याच्या नजरेत भरलं. गोष्टीचं बीज तिथलं.

आता चित्रांचं ऐक, कारण हे खास तुझ्यासाठी आहे. न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने बदकं काढायला घेतली आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बदक नीट ठाऊकच नाही. मग तो तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जाऊन पेंढा भरलेली मॅलार्ड बदकं बघून आला, पक्ष्यांच्या जाणकाराला भेटला. तेवढ्यानेही भागेना. शेवटी बाजारातून जिवंत बदकं विकत आणली आणि राहत्या जागेत ठेवली. मार्क सायमाँट हा दुसरा चित्रकार तेव्हा त्याच्याबरोबर राहायचा. बदकं घरभर घाण करत फिरायची, आणि मॅक्लॉस्की हातात स्केचबुक आणि पुसायला कागदी रुमालांचा खोका घेऊन त्यांच्यामागे रांगत असायचा. पोहताना कशी दिसतात ते बघायला त्यांना न्हाणीघरातल्या टबात सोडायचा. उडणारं बदक खालून कसं दिसेल, हे कळावं म्हणून एकाला पंचात गुंडाळून कोचावर असं ठेवलं की मान कडेबाहेर यावी, आणि स्वतः खाली जमिनीवर उताणा पडून चित्र काढलं. बदकं फार चपळ, क्षणभर स्थिर राहीनात, तेव्हा त्यांना थोडी रेड वाइन पाजून सुस्त केलं, हेही त्यानेच सांगून ठेवलंय.

तू मुलांना सांगायचास ना, की आधी वस्तू बघा, मग कागदाकडे वळा? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी पुन्हा पुन्हा का बसायचे, हे तू आम्हाला रंकाळ्यावर समजावून सांगितलं होतंस. हा त्याच जातीचा माणूस. २०१६ मध्ये बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे या पुस्तकाची कच्ची स्केचेस बघताना तुझी फार आठवण आली. आता पुस्तक हातात घे आणि पिल्लांची पानं पुन्हा बघ. आठ पिल्लं आहेत, आठही सारखीच, तरी एक मागे वळून बघतंय, एक जांभई देतंय, एकाचं पाऊल अर्धवट उचललेलं. हे मनाने रचून येत नाही. मुलाला शरीरशास्त्र कळत नाही, पण खरं बदक आणि मनाने काढलेलं बदक यातला फरक त्याला बरोबर कळतो. रोज तेच पुस्तक हातात घेणाऱ्या मुलाला दरवेळी त्यात काहीतरी नवं सापडावं लागतं, आणि ते सापडायला चित्रकाराने आधी खूप बघून ठेवलेलं असावं लागतं. एकच रंग असल्यामुळे नजर आकारावर आणि चालीवर राहते, असं माझं मत आहे. तू माझ्यापेक्षा जास्त सांगू शकशील.

आणखी एक गोष्ट. या बदकांना सदरा-टोपी नाही, चष्मा नाही. ती बोलतात, पण बदकांना जे बोलायचं असेल तेवढंच : इथे कोल्हा असेल, तिथे कासव असेल, इथे खायला काही मिळत नाही. त्यांची पिसं गळतात आणि नवी येईपर्यंत त्यांना उडता येत नाही. म्हणूनच पुढे आईला पिल्लं घेऊन पायी निघावं लागतं, असं मुलांना आपोआप समजतं. (खरं तर मादीची पिसं पिल्लं मोठी झाल्यावर झडतात आणि पिल्लांना तशीही उडता येत नसतं. मॅक्लॉस्कीने तो क्रम गोष्टीपुरता बदललाय. मला ते खटकत नाही.)

आणि बघण्याची उंची! सुरुवातीच्या पानांवर आपण बदकांबरोबर वरून उडत बॉस्टन बघतो. खाली बाग, तळं, स्टेट हाउसचा घुमट, लुइसबर्ग स्क्वेअर, चार्ल्स नदी. सगळं शहर पंखाखाली. आणि पुढे तेच शहर जमिनीवरून, पिल्लाच्या उंचीवरून दिसतं, तेव्हा मोटारी अंगावर येतात. तीन वर्षांचं मूल रोज असंच जगतं रे. बाबाच्या खांद्यावर असलं की सगळं आपलं, खाली उतरवलं की सगळीकडे गुडघे आणि चाकं.

आता गोष्ट. बदकांचं एक जोडपं, मिस्टर आणि मिसेस मॅलार्ड, राहायला जागा शोधतंय, यापलीकडे तिच्यात फार काही नाही. मी इथे आलो तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांकडे बॅग ठेवून खोल्या बघत फिरत होतो. कुठे भाडं परवडत नव्हतं, कुठे घरमालकाच्या चेहऱ्यावरच उत्तर दिसायचं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लेकीला हे पुस्तक पहिल्यांदा वाचून दाखवायला घेतलं आणि पहिल्याच पानावर थांबलो. मिस्टर मॅलार्डना प्रत्येक जागा चांगली वाटते आणि मिसेस मॅलार्ड प्रत्येक जागेत खोट काढतात. जागा शोधलेल्या कुठल्याही जोडप्याला हा संवाद पाठ असतो.

आपल्याकडचं मूलही पहिली गोष्ट घराचीच ऐकतं. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो भिजत दारात उभा राहतो आणि चिऊताई आतून सांगत राहते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा बाळाला तीट लागेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. दार उघडेल का, या एका प्रश्नावर सगळी गोष्ट उभी आहे. मॅक्लॉस्कीच्या पुस्तकातही प्रश्न तोच आहे. पण इथे अख्खं शहर दार उघडतं.

ते पान मला सर्वांत प्रिय आहे. मिसेस मॅलार्ड पिल्लांची रांग घेऊन बागेकडे जायला नदीतून बाहेर पडतात आणि हमरस्त्याशी येतात. गाड्या सुसाट. पाऊल टाकायची सोय नाही. आई ओरडते, पिल्लं ओरडतात. तेवढ्यात मायकेल नावाचा पोलीस हात हलवत, शिट्टी फुंकत धावत येतो, रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, एका हाताने गाड्या अडवतो आणि दुसऱ्याने मिसेस मॅलार्डना 'या' म्हणतो, माणसांना म्हणावं तसंच. याच मायकेलने आधी त्यांना शेंगदाणे टाकलेले असतात, म्हणजे ओळख जुनी. मग तो धावत चौकीवर फोन करतो की एक कुटुंब रस्त्याने चाललंय, गाडी पाठवा. पुढे बीकन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चार पोलीस रहदारी थांबवून उभे! वाटेत एक म्हातारी कौतुक करते, झाडूवाला कौतुक करतो आणि आईसाहेब नाक वर करून जरा जास्तच डोलत चालू लागतात. कुणी त्यांना हसत नाही. बदकांचं काम हे खरं काम आहे असं या गोष्टीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वाटतं. लहान मुलांना आपल्या कामाबद्दल मोठ्यांकडून एवढंच हवं असतं, आणि ते फार क्वचित मिळतं.

हे पुस्तक निघालं त्या वर्षी युरोप जळत होता आणि डिसेंबरमध्ये अमेरिकाही युद्धात उतरली. त्या पार्श्वभूमीवर गणवेशातल्या चार माणसांनी आठ पिल्लांसाठी रस्ता रोखून धरावा, हे वाचताना त्या काळच्या आयाबापांना काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो. पुढच्या वर्षी, १९४२ मध्ये, त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं, अमेरिकेत चित्रपुस्तकाला मिळणारा सर्वांत मोठा मान.

बाप पोरांना सोडून निघून जातो, हा तुझ्या सूनबाईंचा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पिल्लं होतात न होतात तोच मिस्टर मॅलार्ड नदी बघायला निघून जातात आणि 'आठवड्याने बागेत भेटू' म्हणतात. आठ पोरांना पोहायला, बुडी मारायला, रांगेत चालायला, सायकलीपासून लांब राहायला एकट्या आईने शिकवायचं. निसर्गात मॅलार्डचा नर मादी अंड्यांवर बसली की निघूनच जातो, पुस्तकातला निदान बोलल्याप्रमाणे बागेतल्या बेटावर वाट बघत असतो, पण तरीही माझ्या लेकीने लहानपणी विचारलंच होतं, 'बाबा तेव्हा कुठे होता?' नातवाने विचारलं तर खरं उत्तर दे. गोष्टीचं त्याने काही बिघडत नाही.

आता इथलं सांगतो. ती वाट आजही चालता येते, फक्त नदीकाठी १९५१ पासून स्टॉरो ड्राइव्ह हा वेगवान रस्ता झालाय, तो पायपुलावरून ओलांडावा लागतो. माउंट व्हर्नन स्ट्रीट, चार्ल्स स्ट्रीट, बीकन स्ट्रीट सगळं जागेवर आहे. तळ्यातल्या हंसाच्या होड्याही आहेत. माणूस मागे हंसाच्या आड बसून पायाने चालवतो, आणि १८७७ पासून एकच पॅजेट घराणं त्या चालवतंय. बागेत १९८७ मध्ये नॅन्सी शॉन या शिल्पकार बाईंनी मिसेस मॅलार्ड आणि आठ पिल्लं ब्राँझमध्ये केली. चौथरा नाही, कुंपण नाही. जुन्या फरसबंदीच्या दगडांवर सुमारे ३५ फुटांची रांग, मुलांना चढून बसता येईल एवढीच उंची. पाठी आणि डोकी हातांनी घासून घासून सोन्यासारखी झालीत, चोची तर आरशासारख्या. थंडीत कुणीतरी विणलेल्या टोप्या घालून जातं, सामना असला की संघाच्या रंगाचे कपडे, २०२० मध्ये मास्क लावले होते. १९९१ मध्ये बार्बरा बुश यांनी रायसा गोर्बाचोव्ह यांना अशीच रांग भेट दिली, ती मॉस्कोत नोवोदेविची मठाजवळच्या बागेत आहे. तिथली काही पिल्लं चोरीला गेली होती, ती पुन्हा बसवली. आणि २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने हे पुस्तक राज्याचं अधिकृत बालपुस्तक ठरवलं. त्याच वर्षी मॅक्लॉस्की गेला.

आता एक विनंती. पुस्तक कपाटात ठेवू नकोस. नातवाला मांडीवर घेऊन तूच वाच, सरळ मराठीत सांगत सांगत. वरून दिसणाऱ्या शहराच्या पानावर घाई करू नको, त्याला तळं शोधू दे, बेट शोधू दे. जॅक, कॅक, लॅक, मॅक, नॅक, वॅक, पॅक, क्वॅक ही नावं मात्र जशीच्या तशी, एका दमात आणि मोठ्याने म्हण. दुसऱ्या दिवशी तो तुझ्या आधी म्हणेल. आणि जमलं तर त्याच्याबरोबर बसून रंकाळ्याच्या पाणपक्ष्यांची दोन-चार स्केचेस कर. तुझी आणि त्याची दोन्ही मला पाठव.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींना घेऊन इकडे यायचं तू कबूल केलंयस. तिकिटं मेच्या पहिल्या आठवड्यातली काढ. मदर्स डेच्या रविवारी इथे मुलं पिल्लांसारखे कपडे घालून, बँडच्या मागे रांगेत, त्याच रस्त्यांनी मिरवत बागेपर्यंत जातात. नातवाला आणता आलं तर फारच उत्तम, पिवळा सदरा मी इथे घेऊन ठेवतो, फक्त माप कळव.

वहिनींना नमस्कार, चिरंजीव आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
वसंता