यकृताच्या रुग्णाचा प्राणवायू उभ्यानेही मोजावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिरॉसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाण्याचा आजार) बळावला की पोटात पाणी होते, कावीळ होते, रक्ताची उलटी होते, हे आता गावोगावी ठाऊक झाले आहे. मात्र याच आजारात फुफ्फुसातील रक्तवाहिन्याही बिघडतात, याची वेळीच शंका घेतली जात नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

निरोगी फुफ्फुसातील केशवाहिन्या ८ ते १५ मायक्रोमीटर एवढ्याच रुंद असतात, त्यामुळे त्यांतून जाणाऱ्या रक्ताला प्राणवायू नीट मिळतो. यकृत खराब झालेल्या काही रुग्णांत नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये वाढून याच वाहिन्या १०० मायक्रोमीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक फुगतात, क्वचित शुद्ध-अशुद्ध रक्ताच्या वाहिन्या परस्पर जोडल्याही जातात. अशा आडवाटेने गेलेले रक्त प्राणवायू पुरता न घेताच हृदयाकडे परतते. यालाच हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम म्हणतात. यकृताचा आजार किती पुढे गेला आहे, यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंना हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस झाला होता. जेवायला उठून बसले की त्यांना धाप लागे, नखे निळसर पडत, आणि ओटीवर चटई टाकून आडवे झाले की पाच-दहा मिनिटांत श्वास खाली बसे. दम्याचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्या माणसाला बसल्यावर बरे वाटते. येथे सारे उलटे होते, कारण उभे राहिल्यावर रक्त फुफ्फुसाच्या तळाकडे उतरते आणि फुगलेल्या वाहिन्या तेथेच अधिक असतात. तरीही एका दवाखान्यात त्यांना कित्येक महिने दम्याचा पंप देण्यात आला आणि पाठीशी उशा लावून बसवून ठेवण्यास सांगितले गेले, याचे दुःख अजून जात नाही.

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाचा प्राणवायू निजून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजून केसपेपरवर लिहावा; आकडा ९६ टक्क्यांहून कमी आला तर धमनीतील रक्ताची तपासणी करावी. (आपण समुद्रसपाटीला राहतो, तेव्हा उंचीमुळे आकडा कमी आला, असे म्हणायलाही येथे जागा नाही.) पुढची तपासणीही महागड्या यंत्राची नाही. सलाइन हवेसह घुसळून शिरेत सोडतात आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. निरोगी फुफ्फुसात ते बुडबुडे अडकतात. वाहिन्या फुगलेल्या असतील तर साधारण तीन ते सहा ठोक्यांनंतर ते हृदयाच्या डाव्या कप्प्यात दिसू लागतात.

या विकारावर खात्रीचे औषध नाही. प्राणवायू लावून आराम पडतो, पण बहुतेक रुग्णांत यकृत प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांत फुफ्फुस पूर्वपदावर येते. प्राणवायू फार खालावल्यावर तीच शस्त्रक्रिया अधिक जोखमीची होते, म्हणून मुंबई-पुण्याच्या केंद्राकडे रुग्ण वेळेत पोहोचायला हवा. तेथवरचा रात्रभराचा एसटीचा प्रवासही बसून होतो, आणि अशा रुग्णाला नेमके तेच सोसत नाही. त्याला निजवून नेण्याची सोय करावी.

आता रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बुडबुड्यांची इको तपासणी तेथे ठरलेल्या वारी व्हावी आणि तो वार तालुक्याच्या रुग्णालयांना कळवावा, अशी आरोग्य खात्याला आपल्या पत्रातून विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)